सरावाचं सामान घरीच: टायर, बॉक्स, छोटे हर्डल, मेडिसिन बॉल, खो-खोचे खांब (इंदूर)

चिमणबाग_धावक
नमस्कार मंडळी. १३ ते १७ वयाची साधारण २० मुलंमुली, खो-खो आणि धावणं, मैदान काळ्या मातीचं. पाऊस उघडला की तयारीला लागायचं आहे, म्हणून सामानाची मापं एका जागी ठेवतो. ज्याला जे पक्कं माहीत आहे त्याने भर घालावी, चुकलं असेल तिथे खोडावं.

माझा निकष असा. वस्तूचं काम फक्त वजन, घर्षण किंवा उंची देणं असेल तर ती घरी बनवावी. जिचं माप नियमांत ठरलेलं आहे, किंवा जिच्यावर खेळाडू उंचावरून पडणार आहे, ती विकत घ्यावी. गोळा, भाला, उंच उडीची गादी ही दुसऱ्या यादीतली.

सुरुवात दोरीने मागे ओढत धावायच्या टायरपासून. १२ किंवा १३ इंची रिमचा जुना कारचा टायर ६ ते ८ किलो भरतो. टायर आडवा ठेवून, ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाच्या) मधोमध एक भोक पाडायचं आणि १२ मिमीचा आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) लावायचा. आत आणि बाहेर दोन्हीकडे ५० मिमी रुंद जाड वॉशर हवा. साधा छोटा वॉशर रबरात रुततो आणि आठवड्याभरात बोल्ट बाहेर येतो. नट नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेला) घ्यावा, साधा नट धक्क्यांनी सैल होतो.

दोरी १० ते १२ मिमी नायलॉनची, ४ मीटर. पट्टा कमरेला नाही, नितंबाच्या हाडावर बसेल असा. खाटेची ३ इंची निवार दुहेरी करून शिवली तरी चालते, टाके चौकोन आणि आत फुली असे मारावे. लोखंडी डी-रिंग पाठीमागे, मधोमध.

लोहामंडी_वेल्डर
धावक भाऊ, रेडियल टायरला भोक पाडताना जपा. ट्रेडखाली तारांची जाळी असते. ड्रिलचा बिट अडकून हात पिळवटतो, आणि कापलेल्या तारा भोकातून बाहेर डोकावतात, त्या पोटरीला ओरबाडतात. दोन वाटा आहेत. नायलॉन प्लायचा (तारेऐवजी नायलॉनच्या थरांचा) जुना टायर मिळाला तर तोच घ्या, साध्या बिटने भोक पडतं. रेडियलच असेल तर भोक पाडूच नका. ४० मिमी रुंदीचा पट्टा टायरच्या कडीतून आरपार फिरवून फासा, त्यात शॅकल (पिनेने बंद होणारी लोखंडी कडी) घाला आणि दोरी शॅकलला बांधा.

दुसरी गोष्ट, खालच्या बाजूच्या भिंतीला १० मिमीची चार भोकं अवश्य पाडा. आडव्या पडलेल्या टायरमध्ये पावसाचं पाणी साचतं आणि त्यात डेंग्यूचे डास होतात. बाजूच्या भिंतीत बहुतेक कार टायरना तारेची जाळी नसते, त्यामुळे तिथे भोक सहज पडतं.

सुदामानगर_कोच
दोरी ४ मीटरच का, हे मुलांनाही सांगावं. पट्टा जमिनीपासून ९० सेमीवर, बोल्ट १० सेमीवर, म्हणजे फरक ८० सेमी. ४ मीटर दोरीला ताणाचा पाचवा हिस्सा टायर वर उचलण्यात जातो. दोरी २ मीटरची केली तर दोन पंचमांश. टायर पुढून उचलला जातो, उड्या मारतो, धावणाऱ्याच्या कमरेला हिसके बसतात आणि पाऊल पडण्याची लय मोडते. ५ मीटर चालेल, ३ पेक्षा कमी नको.

ओझं किती, हे किलोत ठरवू नका. तोच टायर कोरड्या धुळीवर हलका, गवतावर जड, आणि पावसानंतर काळ्या मातीत दीडपट जड वाटतो, कारण चिखल त्याच्या कडेला चिकटत जातो. वेळेवर ठरवा. उभ्याने सुरुवात करून २० मीटर मोकळे धावायला ३.४० सेकंद लागत असतील तर टायरसह ३.७५ च्या आत यायला हवं. त्याहून जास्त लागलं की ओझं कमी करा. मुलगा कमरेतून वाकून ओढायला लागला, तर घड्याळ न बघताच कमी करा. वेग काढण्याच्या सरावात १० टक्क्यांपेक्षा जास्त मंदावणं मला नको वाटतं. नुसत्या पहिल्या पाचसहा पावलांच्या ताकदीसाठी जास्त ओझं चालतं, पण तो वेगळा सराव, वेगळा दिवस.

चिमणबाग_धावक
सर, टायरमध्ये वजन वाढवायचं तर वाळूची पिशवी मधल्या भोकातून खाली घसरते आणि जमिनीला घासून फाटते. त्यावर काय?

लोहामंडी_वेल्डर
१२ मिमी प्लायवूडची ४० सेमी व्यासाची चकती कापा आणि मधून दोन तुकडे करा. १३ इंची टायरचं तोंड ३३ सेमीचं, त्यातून अख्खी चकती जात नाही, अर्ध्या जातात. आत घातल्यावर दोन्ही अर्धे एका लाकडी पट्टीवर चार बोल्टनी जोडा. चकती टायरच्या खालच्या कडीवर आतून बसते आणि पडत नाही. तिच्यावर ५-५ किलोच्या पिशव्या. पाणी जायला चकतीलाही दोन भोकं ठेवा.

ज्यांना टायरऐवजी लोखंडाची स्लेज (ओढायची घसरगाडी) हवी त्यांच्यासाठी माप: ५० मिमी रुंद, ६ मिमी जाड पट्टी, ७५ सेमीचे दोन तुकडे, प्रत्येकाचं पुढचं १० सेमी टोक वर वाकवलेलं. दोन पट्ट्यांत ४५ सेमी अंतर, जोडायला ४० मिमीचे दोन अँगल. वजनाच्या प्लेटसाठी एक इंची पाइप उभा, मध्यापासून ५ सेमी मागे. सगळं मिळून ७-८ किलो. दोरीचा हूक जमिनीपासून १० सेमीच्या आत. हूक उंच लावला की स्लेज नाक खुपसते. अरुंद पट्टी किंवा नुसती सळई कधीच लावू नका, काळ्या मातीत ती नांगरासारखी रुतते.

रंधा_आणि_करवत
उड्या मारायच्या बॉक्सचं मी लिहितो. बहुतेक जण ४०×५०×६० सेमीचा बॉक्स करतात, तीन बाजूंवर उभा करून तीन उंची मिळतात. पण हे माप प्लायच्या ८×४ फुटी शीटवर महागात पडतं. ४० ऐवजी ३८ धरा, एका शीटमध्ये दोन बॉक्स बसतात. हिशेब मांडतो. शीट २४४×१२२ सेमी, प्लाय १८ मिमी.

पहिली ओळ: ६०×५० चे ४ तुकडे. ओळीची लांबी २४०, उंची ५०.
दुसरी ओळ: ६०×३४.४ चे ४ तुकडे. ३८ मधून दोन जाडी वजा, म्हणून ३४.४.
तिसरी ओळ: ४६.४×३४.४ चे ५ तुकडे. ५० मधून दोन जाडी वजा, म्हणून ४६.४.

उंची ५० + ३४.४ + ३४.४ आणि करवतीचे दोन काप, सुमारे ११९.५ सेमी. १२२ मध्ये आरामात. ४० चा बॉक्स केला असता तर तिसरी ओळ सेंटिमीटरभराने हुकली असती आणि दुसरी शीट आणावी लागली असती. तिसऱ्या ओळीतले चार तुकडे दोन्ही बॉक्सच्या टोकांना, पाचवा एका बॉक्सच्या पोटात आडवा. दुसऱ्याच्या पोटात २×२ इंची सागवानी पट्ट्यांची चौकट टाका. पोटातला आधार टाळू नका. मोठा पृष्ठभाग वर असतो तेव्हा मधोमध उडी पडते आणि १८ मिमी प्लायसुद्धा लवते, मग स्क्रू ढिले होतात.

जोडणी: ५० मिमीचे स्क्रू, दर १५ सेमीला एक, आधी ३ मिमी बिटने भोक. भोक न पाडता थेट स्क्रू मारला की प्लायच्या कडेतले थर उकलतात. कडांना फेविकॉल भरपूर, रात्रभर शिकंजात. सगळ्या कडा रंध्याने गोल करून ८० नंबरचा पॉलिश पेपर. हात घालायचं भोक १२×४ सेमी, कडेपासून निदान ८ सेमी आत.

मापात_माप
एक दुरुस्ती. दुकानात १८ म्हणून मिळणारा प्लाय मोजला की कित्येकदा १७ भरतो. व्हर्नियरने मोजा, आणि ३८ व ५० मधून खरी जाडी दोनदा वजा करा. १७ असेल तर तुकडे ३४.६ आणि ४६.६ होतील, तरी ओळी बसतातच. छापील १८ धरून कापलं तर कोपऱ्यांना २-२ मिमीची फट राहते आणि स्क्रू कडेच्या बाहेर येतो.

प्लाय एमआर ग्रेडचा (फक्त दमटपणा सोसणारा) घेऊ नका, बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) तरी घ्या. मैदानावरच्या खोलीत पावसाळ्यात ओल असतेच, एमआरचे थर सुटतात आणि उडी मारताना वरचा थर पायाखाली सरकतो. पृष्ठभागावर गुळगुळीत ऑइल पेंट नको. रंग ओला असतानाच बारीक चाळलेली वाळू भुरभुरा, वाळल्यावर झाडा, वर पातळ दुसरा हात. पुढच्या वरच्या कडेवर जुन्या ईव्हीए मॅटची ८ सेमी पट्टी चिकटवा. नडगी तिथेच लागते.

खोखो_ताई
६० उंचीवर उभा केला की तळ ५०×३८. कोणत्या बाजूने उडी मारायची?

रंधा_आणि_करवत
ताई, ५० सेमीची बाजू उडीच्या दिशेने लांब राहील अशी. आडवा ठेवला तर दिशेने फक्त ३८ उरतात आणि घाईत टाच मागच्या कडेवर पडली की बॉक्स उलटतो. बॉक्सच्या वर, तीन बाजूंना बाण रंगवून ठेवा, मुलं विचारत बसत नाहीत.

सुदामानगर_कोच
आणि ६० वर चढणं वेगळं, ६० वरून उडी टाकणं वेगळं. १३-१४ च्या मुलांना वरून खाली उडी टाकून लगेच परत उसळी मारायला लावू नये. त्यांना बॉक्सवर चढायची उडी, आणि खाली पायरीने उतरणं. मोठ्यांनाही खाली टाकायची सुरुवात २०-३० सेमीपासून, म्हणजे या बॉक्सची सगळ्यात छोटी बाजूही जास्तच. त्यासाठी २५ सेमीची वेगळी पेटी करा, किंवा जुन्या टायरवर प्लाय ठोका.

नळ_फिटिंग
छोटे हर्डल. पाऊण इंची यूपीव्हीसी, ६ मीटरचे दोन पाइप, ६ हर्डल होतात. प्रत्येकाला: वरची दांडी ६० सेमी १, उभे पाय २४ सेमीचे २, जमिनीवरचे पुढचे पाय २२ सेमीचे २, मागचे ६ सेमीचे २. म्हणजे १६४ सेमी. एका पाइपात तीन, उरतात सुमारे १०८ सेमी. फिटिंग प्रत्येकी एल्बो २, टी २, एंड कॅप ४. सगळे मिळून एल्बो १२, टी १२, कॅप २४. इंदूरच्या सियागंज बाजारात अख्खं पाकीट घेतलं तर सुट्यापेक्षा परवडतं.

वरची उंची ३० सेमीच्या आसपास येते. कंपनीगणिक फिटिंगचं खोबण थोडं वेगळं असतं, म्हणून आधी एकच जोडून मोजा, मग बाकीचे कापा. उरलेल्या तुकड्यांतून ९ सेमीचे १२ पाय काढा, तेच हर्डल १५ सेमीचे होतात. यासाठी उभे पाय चिकटवायचे नाहीत. सोल्व्हंट सिमेंट फक्त दांडी-एल्बोच्या आणि जमिनीवरच्या पायांच्या जोडांना.

लांब पाय धावणाऱ्याच्या दिशेने यायला हवा. खऱ्या हर्डलचा तळही याच कारणाने धावणाऱ्याकडे असतो. पाय लागला की तो पलीकडे, ६ सेमीच्या टोकावरून सहज कलंडतो. उलटा ठेवला तर २२ सेमीचा पाय टेकू देतो, हर्डल पडत नाही आणि मूल पडतं. समोरचे पाय लाल रंगवा. त्यांत कॅप लावण्याआधी सुकी वाळू भरा, नाहीतर मैदानावरच्या वाऱ्याने अख्खी रांग झोपते.

उन्हाने यूपीव्हीसी ठिसूळ होतं. एप्रिल-मे दोन महिने बाहेर राहिलं की पाय लागल्यावर वाकण्याऐवजी फुटतं आणि त्याची कड चाकूसारखी असते. सावलीत ठेवा, तडा दिसला की तुकडा फेका, सेलोटेप लावू नका. हे हर्डल पायांच्या चपळाईसाठी आहेत. ७६.२ किंवा ९१.४ सेमीची हर्डल शर्यत शिकवायची असेल तर लोखंडी तळाचे खरेच हवेत, त्यांचं वजन निदान १० किलो असतं.

रबर_आणि_वाळू
मेडिसिन बॉलबद्दल (फेकायच्या सरावाचा जड चेंडू) सगळीकडे एकच चूक होते: जुन्या बास्केटबॉलमध्ये वाळू ठासून भरतात. ७ नंबरचा बास्केटबॉल सव्वासात लिटरचा. सुकी वाळू लिटरला सुमारे १.६ किलो, म्हणजे साडेअकरा किलो. १४ वर्षांच्या मुलीला हे छातीवरून फेकायला देणं चूक आहे. अर्धा भरला तर वाळू एका बाजूला लोळते आणि बॉल हातातून वाकडा सुटतो.

बॉल पूर्ण भरलेलाच हवा, म्हणून भरण हलकं हवं. टायर रीट्रेडिंगच्या दुकानात रबराचा बारीक चुरा मिळतो, लिटरला साधारण ४५० ग्रॅम. नुसत्या चुऱ्याने बॉल, त्याच्या स्वतःच्या ६०० ग्रॅमसकट, पावणेचार किलोच्या आसपास येतो. ५ किलो हवा असेल तर एक लिटर चुरा काढून तेवढी वाळू घाला, आधी परातीत नीट मिसळून. ५ नंबरच्या फुटबॉलमध्ये साडेपाच लिटर बसतं, नुसत्या चुऱ्याने तो तीन किलोच्या थोडा आत राहतो. लहान मुलांना तोच.

वाळू दोन दिवस कडक उन्हात सुकवा. ओल राहिली तर आतला कापडी थर कुजतो, वास येतो आणि शिवण उसवते. चीर ४ सेमीची, शिवणीला समांतर, वॉल्व्हपासून दूर. कागदी नरसाळ्याने भरा, मधून मधून बॉल जमिनीवर आपटून दाबा, पुन्हा भरा. चीर मोच्याकडून मेणाच्या दोऱ्याने शिवून घ्या, वर पंक्चरचं सोल्युशन आणि मोठा पॅच. आधी पॅच आणि मग शिलाई केली तर सुईच्या भोकांतून चुरा गळत राहतो.

भिंतीवर फेकू नका. तो परत येत नाही, खाली पडतो, आणि पॅच पहिल्याच दिवशी जातो.

नवीन_पालक
४ किलोचा गोळा सिमेंटचा ओतून करता येईल का? साचा प्लास्टिकच्या चेंडूचा.

सुदामानगर_कोच
नको. सिमेंट काँक्रीट लिटरला सुमारे २.४ किलो, लोखंड ७.८. सिमेंटचा ४ किलोचा गोळा १४ सेमीच्या वर जातो. महिलांच्या ४ किलो गोळ्याचा व्यास नियमाने ९५ ते ११० मिमी. बोटांच्या मुळाशी बसायच्या ऐवजी तो तळहातावर पसरतो, मुलगी तो मानेपासून दूर धरते, आणि तीच सवय लोखंडी गोळ्यावर येते. शिवाय सिमेंट टणक जमिनीवर फुटतं. गोळा विकतच घ्यावा, तो वर्षानुवर्षं टिकतो. १८ खालच्या मुलींना ३ किलो आणि मुलांना ५ किलो लागतो हे बघून घ्या.

मालवा_काका
आता खांब. खो-खोचा खांब जमिनीवर १२० ते १२५ सेमी, व्यास ९ ते १० सेमी, वरचं तोंड गोल. यात कोणी चुकत नाही. चूक जमिनीखाली होते.

आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते. नुसता खड्डा करून खांब गाडला तर पहिल्या पावसाळ्यात तो हलतो, उन्हाळ्यात कलतो. मुलं पूर्ण वेगात येऊन एका हाताने खांबाला लटकून वळतात, तेव्हा कललेला खांब मनगट मुरगाळतो. लाकूड थेट काँक्रीटमध्ये ओतलं तर जमिनीच्या रेषेवर पाणी थांबतं आणि दोन-तीन वर्षांत तिथेच कुजतं.

असं करा. खड्डा ९० सेमी खोल, ६० सेमी रुंद. तळाला १५ सेमी गिट्टी. त्यावर ७२ सेमीचा ४ इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा, ओळंब्याने सरळ. पाइपच्या तळाचं तोंड उघडंच ठेवा म्हणजे पाणी गिट्टीत उतरतं. पाइपभोवती ३० सेमी व्यासापर्यंत १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, गिट्टी). त्याबाहेर, काँक्रीट आणि काळ्या मातीच्या मध्ये, मुरूम. १५-१५ सेमीचे थर, प्रत्येक थर पाणी शिंपडून दुरमुसाने ठोकायचा. मुरूम फुगत नाही, म्हणून काळी माती काँक्रीटला धरून वर ढकलत नाही.

सात दिवस काँक्रीटला पाणी द्या. मग २ मीटरचा सागवान किंवा साल लाकडाचा खांब पाइपात सोडा. आत १०५ मिमी जागा असते, ९५ चा खांब घ्या आणि चार बाजूंनी सागवानी पाचरी ठोका. पाइपचं तोंड जमिनीच्या ३ सेमी खाली, वर माती, म्हणजे कोणाचा पाय कडेला लागत नाही. पावसाळ्यात खांब काढून ठेवता येतो, तेव्हा पाइपावर झाकण घाला.

खोखो_ताई
काका, याच पद्धतीने मल्लखांबही रोवता येईल का? आपल्याकडे मध्य प्रदेशात तो २०१३ पासून राज्याचा खेळ आहे, मुलं विचारतात.

मालवा_काका
पाया अजून खोल करून रोवता येईल, पण तो खांब स्वतः करू नका. मल्लखांबाला बुंध्याकडून शेंड्याकडे बारीक होत जाणारा घेर, मान आणि बोंड लागतं, आणि लाकडात एकही गाठ किंवा चीर नको. मुलं डोकं खाली करून त्यावर उभी असतात. जाणकार कातारीकडूनच करून घ्या. आणि मल्लखांबाला एरंडेल लावतात म्हणून खो-खोच्या खांबाला लावू नका, हात सटकतो. त्याला फक्त पॉलिश पेपर.

रबर_आणि_वाळू
सायकलच्या ट्यूबबद्दल दोन ओळी, कारण ताणायच्या व्यायामाला ती सगळे वापरतात. २८ इंची ट्यूब कापली की साधारण दोन मीटर मिळते. कापताना वॉल्व्हचा भाग काढूनच टाका, ट्यूब पहिल्यांदा तिथेच फाटते. मूळ लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त ताणू नका. खांबाला थेट गाठ मारू नका, खरखरीत लाकडावर ती घासून कापली जाते. निवारीचा फास करून त्यात अडकवा. प्रत्येक वेळी उजेडात ताणून बघा, बारीक भेगांची जाळी दिसली की बदला. आणि ट्यूब चेहऱ्याच्या रेषेत ताणायचा कोणताही व्यायाम देऊ नका. सुटली तर डोळ्यावर येते.

चिमणबाग_धावक
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या पोस्टमधला टायरला भोक पाडायचा भाग वेल्डर भाऊंच्या सांगण्याप्रमाणे बदलतो. एकच शंका उरली: टायर ओढताना दोरीची गाठ दर वेळी आवळून बसते, सोडायला दहा मिनिटं जातात.

लोहामंडी_वेल्डर
गाठ मारूच नका. दोरीच्या दोन्ही टोकांना लोखंडी थिंबल (दोरीचा फास झिजू नये म्हणून आत बसवायची खाचेची कडी) घालून टोक परत दोरीवर आणा आणि दोन-दोन यू-क्लॅम्प लावा. क्लॅम्पचे नट पहिल्या दिवशी दहा-बारा फेऱ्यांनंतर पुन्हा कसा, नायलॉन ताणाने बारीक होतं आणि पकड सुटते. पट्ट्याकडच्या बाजूला गिर्यारोहणवाला नाही, तरी स्क्रूने बंद होणारा लोखंडी कॅरॅबिनर (अडकवायची कडी) लावा. नुसता स्प्रिंगचा हूक धक्क्याने उघडतो.

चिमणबाग_धावक
रविवारी सकाळी थिंबल, क्लॅम्प आणि प्लाय आणतो. कापणीचा तक्ता कागदावर काढून त्याचा फोटो इथेच टाकेन. रंधा काका, कापण्याआधी एकदा नजर घाला.